धातूंचं बोला : ई-सिगारेटची कॉईल जुनी होते म्हणजे नेमकं काय होतं?

मागच्या अंकात शेगडी, इस्त्री आणि गिझर यांतल्या तापणाऱ्या तारांवर मी लिहिलं होतं. शेगडीबद्दल पत्रं येणार हे ठाऊक होतं, ई-सिगारेटबद्दल एवढी येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक परदेशातून, काही इथलीच. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि मग त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात हे सगळं बंद आहे. तरी माल चोरवाटेने येतो आणि पोरांच्या दप्तरांत सापडतो, हे पत्रांतून दिसतंच. म्हणून या वेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलं आहे. मी डॉक्टर नाही. तापक तारा बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात माझी नोकरी झाली. तार कशी तापते आणि कशी मरते, हे बघणं हेच माझं काम होतं. उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. माझ्या नवऱ्याने सिगारेट सोडली आणि व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, धरली. नवी कॉईल, म्हणजे आतला तापणारा भाग, लावली की पहिले काही दिवस चव छान लागते म्हणतो, मग ती मंद होते, मग करपट लागते. आठ-दहा दिवसांत नवी कॉईल आणावी लागते. एक जुनी कापून उघडली, तिचा फोटो सोबत पाठवते आहे. ही तार जळून जाते का? आणि झिजलेली तार त्याच्या छातीत जात असेल का?

फोटो उत्तम काढला आहे तुम्ही, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. बाहेरचं धातूचं नळकांडं, त्यात कापसाची गुंडाळी आणि कापसाला आतून चिकटून बसलेला जाळीदार पातळ पत्रा. तुमची कॉईल जाळीची आहे, गुंडाळलेल्या तारेची नाही. काम दोन्हींचं एकच. आता फोटोतला कापूस नीट बघा. बाहेरच्या कडेला तो जवळजवळ पांढरा आहे, आत येता येता चहासारखा तपकिरी होतो आणि पत्र्याला जिथे टेकला आहे तिथे काळा. त्या काळ्या भागावर जाळीची नक्षी छापासारखी उमटली आहे. जाळीची भोकं चकचकीत काळ्या, डांबरासारख्या थराने बुजली आहेत. पण पत्र्याची कड जिथे उघडी राहिली आहे तिथे धातू शाबूत दिसतो. तो ना तुटला आहे, ना पातळ झाला आहे.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोटोतच आहे. धातू जवळजवळ होता तसा आहे. म्हातारा झाला तो कापूस, आणि धातूवर थर चढला तो रसाचा.

हे कसं घडतं ते सांगते. व्हेपमध्ये भरतात तो रस मुख्यतः दोन द्रवांचा असतो, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. त्यात निकोटिन, वासाची द्रव्यं आणि पुष्कळदा गोडी आणणारं काहीतरी. पहिला द्रव १८८ अंश सेल्सियसला उकळतो, ग्लिसरीन २९० ला. कापूस हा रस वातीसारखा ओढून तापलेल्या धातूपाशी आणतो, तिथे त्याची वाफ होते आणि ती वाफ लगेच थंड होऊन बारीक थेंबांचं धुकं बनतं. जोवर धातूला ओला रस लागून आहे तोवर त्याचं तापमान रसाच्या उकळबिंदूच्या आगेमागे राहतं, कारण आलेली उष्णता वाफ करण्यात खर्च होते. व्हेपची सगळी सुरक्षितता, जी काय असेल ती, या ओल्या स्पर्शावर उभी आहे. वात कोरडी पडली की उष्णतेला खर्च व्हायला जागा उरत नाही आणि तापमान वर धावतं. कापसातलं सेल्युलोज साधारण ३०० अंशांच्या आसपास भराभर कोळपायला लागतं.

दर झुरक्याला जे उडून जायचं ते उडतं, जे उडत नाही ते मागे राहतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल आधी निघून जातं, त्यामुळे धातूपाशी दाट ग्लिसरीन, गोडी आणि वासाची जड द्रव्यं उरतात. दूध एकदा पातेल्याच्या तळाला लागलं की पुढचं दूधही तिथेच लागतं, तसंच इथे होतं. थर बसला की त्या जागी रस धातूपर्यंत पोचत नाही, थर आणखी तापतो, आणखी करपतो, जाड होतो. एकीकडे वात कोळपून तिची ओढ कमी होते, दुसरीकडे धातूची उघडी जागा घटते. म्हणून आधी चव मंद होते, वाफ कमी येते, आणि मग करपट वास येतो. तुमच्या यजमानांनी हीच पायरी बरोबर ओळखली आहे.

सर्वांत लवकर कॉईल मारते ती गोडी. सुक्रालोज नावाची कृत्रिम साखर पुष्कळ रसांत घालतात. ती वाफ होऊन जात नाही, तापून विघटित होते. तिच्यात क्लोरीन आहे, म्हणून विघटनात आम्लही सुटतं आणि ते धातूला सोसवत नाही. मिठाईच्या, फळांच्या, आइस्क्रीमच्या चवीचा रस वापरणाऱ्यांच्या कॉईली काही दिवसांत संपतात आणि साधा, बिनगोड रस वापरणाऱ्यांच्या कितीतरी जास्त टिकतात, त्याचं कारण हेच. यजमानांना एकच गोष्ट सांगायची झाली तर गोड रस सोडा म्हणून सांगा.

आता छातीचं. त्याचे दोन भाग आहेत.

पहिला भाग करपलेल्या रसाचा. ग्लिसरीन गरजेपेक्षा जास्त तापलं की त्यातून ॲक्रोलिन निघतं, तेल जास्त तापल्यावर डोळ्याला झोंबतो तो पदार्थ. फॉर्माल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड हेही निघतात. अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की ३.३ व्होल्टवर त्यांना फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टवर मात्र भरपूर सापडली. त्यावर दुसऱ्या संशोधकांनी आक्षेप घेतला, की त्या उपकरणात ५ व्होल्टवर झुरका इतका करपट लागेल की माणूस तो घेणारच नाही. मला हा आक्षेप रास्त वाटतो, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: माणसाची जीभ वेळेवर इशारा देते. झिजत आलेल्या कॉईलमध्ये हा बदल एका दिवसात होत नाही, हळूहळू होतो. जिभेला सवय होते आणि गोड रस करपट चव झाकतो. शिवाय कॉईलला पैसे पडतात, म्हणून माणूस ‘अजून दोन दिवस चालेल’ म्हणतो. करपट चव येईपर्यंत थांबणं म्हणजे उशीर झालेला असणं. चव मंद झाली, वाफ घटली, तिथेच कॉईल काढायला सांगा.

दुसरा भाग धातूचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बाल्टिमोर भागातल्या ५६ रोज व्हेप ओढणाऱ्यांची उपकरणं तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. बाटलीतल्या रसात धातू नगण्य होते. तोच रस कॉईलवर तापून धुकं झाल्यावर त्यात क्रोमियम, निकेल, शिसं, मँगनीज, जस्त यांचं प्रमाण पुष्कळ वाढलेलं सापडलं. म्हणजे धातू उपकरणातून आले. क्रोमियम-निकेल कुठून येतात ते कळतं, तापक मिश्रधातूंत ते असतातच. शिसं तापक तारेत नसतं. माझा अंदाज तारेच्या टोकांच्या जोडावर आणि पितळी भागांवर आहे, कारण लेथवर सहज कापलं जावं म्हणून पितळेत थोडं शिसं घालण्याची जुनी पद्धत आहे. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या संशोधकांना त्याआधी, २०१३ मध्ये, एका जुन्या धाटणीच्या ई-सिगारेटच्या धुक्यात कथलाचे कण सापडले होते आणि त्यांचा माग सोल्डरच्या, म्हणजे तारा जोडायला वितळवून लावलेल्या धातूच्या, डागापर्यंत गेला होता. म्हणजे ‘तार चांगल्या कंपनीची आहे’ एवढ्याने भागत नाही. जोड कशाचे आहेत, हेही तितकंच महत्त्वाचं.

बाल्टिमोरच्या त्याच अभ्यासात एक गोष्ट अशी निघाली की ती वाचल्यावर मी पुन्हा मागे जाऊन वाचली. जे लोक कॉईल वरचेवर बदलत होते त्यांच्या धुक्यात धातू जास्त होते. कोरी कॉईल धातू जास्त सोडते, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. माझ्या अनुभवाला हे पटतं. का ते सांगलीच्या विद्यार्थ्याच्या उत्तरात येईल. पण तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा, की जुनी कॉईल करपलेला रस देते आणि नवी कॉईल धातू देते. मधले काही दिवस त्यातल्या त्यात बरे. पूर्ण निर्धोक दिवस या कॉईलच्या आयुष्यात एकही नाही.

हे वाचून यजमानांनी परत सिगारेट पेटवू नये, एवढं मात्र कळकळीने सांगते. तिकडची आरोग्यसेवा सांगते की ओढणाऱ्यासाठी व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे आणि न ओढणाऱ्याने व्हेपला हात लावू नये. दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवायची. सिगारेट सुटली हे मोठंच काम झालं. आता निकोटिनची मात्रा उतरवत उतरवत व्हेपही सोडायची, यासाठी तिथे मोफत मदत मिळते. ती घ्यायला लावा.

प्रश्न : मी डब्लिनला असतो. माझ्या उपकरणाच्या पडद्यावर नवी कॉईल ०.८ ओहम दाखवत होती, आता ०.८६ दाखवते. कॉईल झिजल्याची ही खूण समजायची का?

बहुधा नाही. ओहमचा आकडा म्हणजे कॉईलचा रेझिस्टन्स, विजेला होणारा अडथळा. धातूवर चढलेला काळा थर तो फारसा बदलत नाही, वीज धातूतूनच जाते. असा फरक येतो तो बहुतेकदा जोडांमुळे. कॉईल जिथे टेकते त्या संपर्कबिंदूवर रस साचतो, धातू काळा पडतो, आटे थोडे ढिले होतात. उपकरण बंद करून तो भाग कोरड्या कापसाने पुसा, कॉईल नीट बसवा आणि पूर्ण थंड झाल्यावर आकडा बघा. स्टेनलेस स्टीलची कॉईल गरम असताना जास्त ओहम दाखवतेच, त्यात बिघाड काही नाही.

फरक पडतो किती तेही बघा. बॅटरी ३.७ व्होल्ट धरली तर ०.८ ओहमला सुमारे १७ वॉट होतात, ०.८६ ला सुमारे १६. तुम्हाला जाणवणारही नाही. उलट आकडा एकदम खाली आला, किंवा सारखा नाचायला लागला, तर मात्र ते उपकरण वापरू नका. तारेचे वेढे एकमेकांना किंवा नळकांड्याला टेकले असतील आणि बॅटरीवर भार पडत असेल. कॉईल किती झिजली याचा अंदाज ओहमवरून बांधू नका. कापूस काळा पडला तरी तो आकडा जागचा हलत नाही.

प्रश्न : मॅडम, मी सांगलीला मेकॅनिकल डिप्लोमा करतो. मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की शेगडीची कॉईल लालभडक होऊनही वर्षानुवर्षं चालते. मग ई-सिगारेटची कॉईल, जी लालही होत नाही, ती आठवड्यात कशी संपते? तार वेगळी असते का?

तुझा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण त्याचं उत्तर गणित मांडल्याशिवाय देता येत नाही. कागद घे.

तार बहुतेकदा त्याच कुळातली असते. एक कूळ नायक्रोमचं, ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्शला त्याचं पेटंट १९०६ मध्ये मिळालं. विजेच्या शेगड्या, टोस्टर, इस्त्र्या घराघरांत आल्या त्या या तारेच्या जिवावर. दुसरं कूळ लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचं, ज्याला बाजारात कॅन्थल म्हणतात. ते स्वीडनच्या हाल्स्टाहामर गावात हान्स फॉन कांट्सोव्ह याने विकसित केलं, कंपनी १९३१ मध्ये निघाली. चांगल्या कॅन्थलमध्ये साधारण २२ टक्के क्रोमियम आणि ६ टक्क्यांच्या आत ॲल्युमिनियम, बाकी लोखंड. व्हेपमध्ये ही दोन्ही कुळं दिसतात, शिवाय स्टेनलेस स्टील, निकेल आणि टायटॅनियमही.

आता गणित. १००० वॉटची शेगडी, २३० व्होल्ट. रेझिस्टन्स हवा जवळजवळ ५३ ओहम. अर्ध्या मिलिमीटरची कॅन्थल तार घेतली तर एका मीटरला सुमारे ७.४ ओहम पडतात, म्हणजे तार लागते ७ मीटरच्या वर. तिचं एकूण पृष्ठफळ ११३ चौरस सेंटिमीटर होतं. १००० वॉट तेवढ्या पृष्ठावर वाटले गेले की दर चौरस सेंटिमीटरला ९ वॉटच्या आत. आता व्हेप घे, ०.८ ओहम, १७ वॉट. तार ०.३ मिलिमीटरची धरली तर लागते फक्त ४ सेंटिमीटर. पृष्ठफळ ०.३७ चौरस सेंटिमीटर. भाग दे. दर चौरस सेंटिमीटरला ४६ वॉट. शेगडीच्या पाचपट!

इवलीशी तार शेगडीच्या पाचपट भार घेते आणि तरी लाल होत नाही, कारण तिच्या अंगावर ओला रस आहे. शेगडीच्या तारेला उष्णता टाकायला नुसती हवा आहे, म्हणून ती तापून लाल होते आणि तिथे स्थिरावते. व्हेपच्या तारेचा रस काढून घे आणि बटण दाबून धर, ती क्षणात लाल होईल. म्हणजे दोघींची आयुष्यं ठरवणाऱ्या गोष्टीच वेगळ्या. शेगडीची तार स्वतः मरेपर्यंत चालते. व्हेपची तार मरायच्या कितीतरी आधी तिची वात मरते.

दुसरा मुद्दा त्वचेचा. तापक तार टिकते ती तिच्यावरच्या ऑक्साइडच्या थरामुळे. कॅन्थल प्रथम लाल झाली की तिच्यातलं ॲल्युमिनियम पृष्ठाशी येऊन ऑक्सिजनशी जुळतं आणि ॲल्युमिनाचा घट्ट राखाडी थर बनतो. नायक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा बनतो. आत हवा शिरू द्यायची नाही, हे त्या थराचं काम. पण ॲल्युमिनाचा खरा मजबूत थर बनायला १००० अंशांच्या आसपास तापमान लागतं. शेगडीत तार लालबुंद होते, निदान थर धरायला तिला संधी मिळते. व्हेपची तार दोन-अडीचशे अंशांवर काम करते. तिथे जो थर असतो तो अगदी पातळ आणि कच्चा. वरून गरम, आंबूस होत जाणारा रस सतत धुतोय. कोरी तार, तार ओढताना आणि कापताना पृष्ठावर राहिलेले बारीक अवशेष, अजून न जमलेला थर, हे सगळं सुरुवातीच्या झुरक्यांत निघतं. लेस्टरच्या ताईंना मी जे म्हटलं, की कोरी कॉईल धातू जास्त सोडते हे मला पटतं, ते यामुळे. नंतर करपलेला थर चढतो, आणि तोच धातूला थोडाफार झाकतो असंही मला वाटतं, पण तो स्वतःच घातक, त्यामुळे त्यात समाधान मानण्यासारखं काही नाही.

तिसरी गोष्ट आमच्या कामातली. तारेचं आयुष्य मोजायची प्रमाण चाचणी अशी असते: तार दोन मिनिटं तापवायची, दोन मिनिटं बंद, पुन्हा दोन मिनिटं तापवायची, असं ती तुटेपर्यंत. सलग तापवलेली तार फार टिकते, चालू-बंद तिला मारतं. थर आणि धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे थंड होताना थराला तडे जातात, खपल्या पडतात, उघड्या धातूवर नवा थर येतो, पुन्हा खपली. ॲल्युमिनियमचा आतला साठा असा संपत जातो. एखाद्या जागी तार बारीक झाली की तिथे रेझिस्टन्स जास्त, म्हणून तिथे उष्णता जास्त, म्हणून ती जागा आणखी लवकर बारीक होते. चाचणीच्या काचेतून बघताना तो एक ठिपका बाकीच्या तारेपेक्षा पिवळा दिसायला लागायचा. तो दिसला की ती तार तिथेच तुटणार हे आम्हाला कळायचं, आणि तुटायची तिथेच. व्हेपच्या दर झुरक्याला तार तापते आणि निवते. म्हणजे ती दिवसभर अशीच चाचणी देत असते, फक्त तापमान कमी असल्याने तुटण्यापर्यंत वेळ येत नाही.

एक करून बघ, प्रात्यक्षिकाच्या सरांना विचारून. शेगडीची नवी कॉईल थोडी ओढून वाकव, वाकेल. जुनी वापरलेली कॅन्थलची कॉईल तशीच वाकव, कट्कन तुटेल. तापून तापून तिच्यातले स्फटिक मोठे झालेले असतात आणि धातू ठिसूळ होतो. नायक्रोम जुनी होऊनही बऱ्यापैकी वाकते. दुरुस्तीवाले काका जुन्या कॉईलला पीळ देऊन जोडत बसत नाहीत, सरळ नवी टाकतात, त्यामागे हेच आहे. तुटलेल्या टोकाकडे भिंगातून बघ. दाणेदार, चमचमीत पृष्ठ दिसलं तर मला कळव.

प्रश्न : दुबईत माझे रूममेट कॉईल स्वतः गुंडाळतात. जुनी झाली की कापूस काढून तार लाल करतात, काळं जळून जातं, मग नवा कापूस. हे बरोबर आहे का? तयार कॉईल गरम पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये धुऊन परत वापरली तर?

तार लाल केली की काळा थर जळतो, खरं आहे. पण नुसत्या हवेत लाल केलेल्या तारेवर ऑक्साइडच्या खपल्या येतात आणि ती थंड झाल्यावर त्या सुटतात. त्यानंतर तोंड लावून हवा ओढली जाते ती याच तारेवरून. हातात बॅटरी आणि लाल तार धरून बसणंही मला मुळीच पसंत नाही. टायटॅनियमची तार तर कधीच लाल करू नये. ती पेटू शकते आणि तिच्यावर ऑक्साइडची पांढरी भुकटी धरते. निकेलच्या तारेलाही लाल करू नये.

तयार कॉईल धुण्यात अर्थ नाही. वरचा चिकट रस निघेल, कोळपलेला कापूस पुन्हा पांढरा होत नाही आणि धातूला घट्ट बसलेला काळा थर पाण्याने सुटत नाही. स्पिरिट तर कापसात राहतं आणि ते तापवणं धोक्याचं. ती फेकायचीच वस्तू आहे.

प्रश्न : नाशिकहून एक आई लिहिते आहे. अकरावीतल्या मुलाच्या दप्तरात पेन ड्राइव्हसारखं एक रंगीत उपकरण सापडलं. विचारल्यावर म्हणाला, “आई, ही नुसती पाण्याची वाफ आहे. कॉईल जळाली तरच अपाय होतो, हे नवीन आहे.” मी काय समजू आणि त्याला काय सांगू?

त्याने ऐकीव ते सांगितलं आहे, रागावून त्याला खोटारडा ठरवू नका. पण त्यातलं एकही वाक्य खरं नाही.

पाण्याची वाफ ती नाही. वर लिहिलंच आहे, ते ग्लिसरीन आणि ग्लायकॉलच्या थेंबांचं धुकं आहे, त्यात निकोटिन आहे आणि उपकरणातले धातू आहेत. नवं म्हणजे निर्धोक हेही खोटं. आणि तुम्ही वर्णन केलं तसं रंगीत, न उघडणारं, संपलं की फेकून द्यायचं उपकरण असेल तर त्यातली कॉईल बदलायची सोयच नसते. रस, वात, कॉईल, बॅटरी एकाच डबीत. रस संपत आला की वात कोरडी पडत जाते आणि आत किती उरला हे बाहेरून दिसत नाही. मुलं पैसे वसूल करायला शेवटचा झुरका निघेपर्यंत ओढतात, आणि तेच झुरके सर्वांत जास्त तापलेले असतात. इंग्लंडने अशी एकदाच वापरायची उपकरणं विकण्यावर १ जून २०२५ पासून बंदी घातली, कचरा आणि मुलांचं व्यसन या दोन्ही कारणांनी.

निकोटिनकडे मात्र मी तुमचं लक्ष सर्वांत जास्त वेधते. इंग्लंडमध्ये आणि युरोपीय संघात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे हा माल चोरून येतो, त्यामुळे डबीवर काय छापलंय आणि आत काय आहे हे तपासणारं कुणी नाही. सोळा वर्षांच्या मेंदूला निकोटिनची सवय प्रौढापेक्षा लवकर लागते. धूर नाही, घशाला ठसका नाही, कपड्यांना वास नाही, म्हणून किती ओढलं हे त्यालाही कळत नसतं.

काय सांगायचं विचारता, तर आधी विचारा. केव्हापासून, दिवसातून किती वेळा, सकाळी उठल्या उठल्या लागतं का, कोण देतं. शेवटचा प्रश्न शेवटीच विचारा, नाहीतर तो पहिल्याची उत्तरं देणार नाही. त्याला शास्त्राची गोडी असेल तर सांगलीच्या मुलाला लिहिलेलं गणित त्याच्यासमोर ठेवा. अकरावीच्या मुलाला स्वतः सोडवता येईल असं आहे, आणि ४६ वॉट आणि ९ वॉट हे आकडे त्याने स्वतः काढले तर माझ्या सांगण्यापेक्षा ते त्याला पटतील.

ते उपकरण घरात ठेवू नका आणि उघडूही नका. आत लिथियमची बॅटरी असते, ती टोचली किंवा दाबली गेली तर पेट घेते. ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता जुने मोबाइल, बॅटऱ्या घेणाऱ्या ई-कचरा केंद्रात द्या. सोडायला त्याला मदत लागली तर १८०० ११२ ३५६ ही सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा आहे, आणि तुमचे घरचे डॉक्टर आहेत. रोज ओढत असेल तर बंद केल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, झोप न लागणं, अभ्यासात मन न लागणं, भूक वाढणं हे होईल. ते निकोटिन सुटत असल्याचं लक्षण आहे, उद्धटपणा नाही. त्याची परीक्षा जवळ असेल तर तारीख बघून, त्याच्याशी बोलून, सोडायचा दिवस ठरवा. आणि त्या आठवड्यात त्याला घरात सतत काहीतरी खायला ठेवा.